कडी किती वेळा वाजते: वाढलेल्या प्रोस्टेटचं एक प्रकरण

लालबागमध्ये २२ वर्षं माझा दवाखाना आहे. तिथल्या एका घराचं हे प्रकरण त्या घरच्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, औषधं, आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवलाय. प्रोस्टेट वाढल्यावर ‘गोळ्या की ऑपरेशन’ एवढाच प्रश्न घरोघरी विचारला जातो. या घरात त्याच्या आधीचे काही प्रश्न राहून गेले. त्यातले दोन मी विचारायला हवे होते.

पार्श्वभूमी

काका ६७ वर्षांचे. छापखान्यात मशीनमन होते, नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथे ते, काकू, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू राहतात. संडास सामायिक, गॅलरीच्या टोकाला. खोलीत मोरी आहे, पण तिला लागूनच सून आणि नातू झोपतात. त्यामुळे रात्री लघवी लागली की काका उठतात, दाराची कडी काढतात आणि अंधारात भिंतीला हात लावत गॅलरीच्या टोकापर्यंत जातात.

रक्तदाब १२ वर्षांपासूनचा. त्यासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू होतं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मे महिन्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू झाल्या. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट शर्टाच्या खिशात.

लघवीचा त्रास त्याच्याही आधीपासून, निदान दोन वर्षांचा. धार बारीक झाली होती, सुरू व्हायला वेळ लागायचा, झाल्यावरही आत काही उरलंय असं वाटायचं. दर महिन्याला बीपी बघायला ते माझ्याकडे यायचे आणि यातलं एक अक्षर बोलायचे नाहीत. आमच्या कंपाउंडरला मात्र एकदा म्हणाले होते, “डॉक्टरीणबाईंना हे कसं सांगायचं?” कंपाउंडरने ते माझ्यापर्यंत आणलं नाही. त्यालाही संकोच वाटला असणार.

काकूंना सगळं माहीत होतं. त्यांनी मला नंतर सांगितलं, “मी झोपेतसुद्धा कडी मोजते. चारदा वाजते, कधी पाचदा.” भजनी मंडळात पखवाजाच्या शेजारी बसणारे काका दाराशी बसायला लागले होते. लोकांना वाटलं, हार्टचा पेशंट आहे, मोकळी हवा लागत असेल. गावी जाताना एसटीने जायचं सोडलं, दादरला बहिणीकडे जायचं तर सकाळपासून पाणी बंद. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं आणि स्टेशनवरचं सापडेपर्यंत धीर धरवेल का, याची त्यांना खात्री राहिली नव्हती.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला कड्यासारखी वेढून असते. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम. चाळिशीनंतर तिचा आतला, मूत्रमार्गालगतचा भाग हळूहळू वाढतो आणि मार्ग आवळत जातो. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ झालेली असते. हा कॅन्सर नाही आणि यातून कॅन्सर होतही नाही. दोन्ही एकाच ग्रंथीत एकाच वेळी असू शकतात, एवढंच. ‘वयाचं आहे’ हे म्हणणं म्हणून चुकीचं नाही. पण वयाचं आहे म्हणून त्यावर काही करायचं नसतं, असा अर्थ घरात घेतला गेला होता.

लघवी तुंबली ती रात्र

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री हे झालं. दोन दिवस काकांना सर्दी होती. मुलाने मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, दिवसातून तीनदा. अशा गोळ्यांमध्ये बहुधा दोन घटक असतात. एक नाक मोकळं करणारा. तो नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतो, पण मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायूही आवळतो. दुसरा शिंका थांबवणारा आणि झोप आणणारा. तो मूत्राशयाचं आकुंचन ढिलं पाडतो. म्हणजे दार घट्ट आणि ढकलणारा दमलेला. ज्याचा मार्ग आधीच अरुंद आहे, त्याची लघवी एवढ्याने पूर्ण अडकू शकते.

संध्याकाळी सातपासून थेंब नाही. दहा वाजता ओटीपोट नारळासारखं टणक झालं, काका घामाने भिजले. लालबागला त्या रात्री रस्ते कसे असतात ते मुंबईकराला सांगायला नको. टॅक्सी गल्लीत येईना. चाळीतल्या चार पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून गर्दीतून परळच्या बाजूला नेलं. रुग्णालयात नळी घातली तेव्हा ९०० मिलिलिटर लघवी निघाली. एरवी ४०० ते ५०० झाली की माणसाला थांबवत नाही.

माझ्याकडे ते तिसऱ्या दिवशी आले, पायाला पिशवी बांधून. दोन वर्षांचं सगळं त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. काकू शेजारी बसून बोटं मोजत होत्या.

पहिला निर्णय: पीएसएचा आकडा

रुग्णालयात त्या रात्री रक्ताच्या बाकीच्या तपासण्यांबरोबर पीएसएही गेली होती. रिपोर्ट आला ११.४. छापील कागदावर त्याच्यापुढे ‘४ पर्यंत सामान्य’. मुलाने मोबाइलवर शोधलं आणि रात्रभर झोपला नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला होता. बायोप्सी लगेच करायची का, कुठे करायची, बाबांना सांगायचं का, हे त्याचे प्रश्न.

पीएसए हे प्रोस्टेट तयार करते ते प्रथिन. कॅन्सरमध्ये वाढतं तसं ते ग्रंथी मोठी असली, जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली किंवा नळी घातली तरी वाढतं. काकांच्या बाबतीत यातली किमान तीन कारणं एकाच रात्री हजर होती. त्यात दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. अशा अवस्थेत घाईने बायोप्सी करण्यात रक्तस्रावाचा धोका होता.

मी त्याला थांबायला सांगितलं. पण नुसतं थांबलो नाही. युरोसर्जनकडे पाठवून गुदद्वारातून बोटाने तपासणी करून घेतली. ही तपासणी लोक टाळतात, पण अर्ध्या मिनिटात ती खूप काही सांगते. साधी वाढलेली प्रोस्टेट बोटाला रबरासारखी, गुळगुळीत लागते. कॅन्सरची गाठ बोटाच्या पेरासारखी कडक लागते. काकांची ग्रंथी मोठी, पण सगळीकडे सारखी मऊ होती. आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा केली, ती ३.९ आली. सोनोग्राफीत ग्रंथी ६८ ग्रॅमची होती. एवढ्या मोठ्या ग्रंथीला हा आकडा शोभतो. बायोप्सीची गरज पडली नाही.

या आठ आठवड्यांत आणखी एक गोष्ट मुद्दाम केली. प्रोस्टेट लहान करणारी गोळी तेव्हा सुरू केली नाही. ती पीएसए सहा महिन्यांत साधारण निम्म्यावर आणते. आधी गोळी आणि मग तपासणी केली असती तर आकडा उतरला तो कशामुळे, हे कळलंच नसतं.

दुसरा निर्णय: आत्ता ऑपरेशन की गोळ्या

मुलाचं म्हणणं, एकदाचं ऑपरेशन करून टाका. शेजाऱ्यांचं म्हणणं, गोखरूचा काढा द्या. काढ्याने लघवीचं प्रमाण वाढतं. ज्याचा मार्गच अडलाय त्याला जास्त लघवी तयार करून काय करायचंय, हे मी काकूंना समजावलं आणि त्यांना ते लगेच पटलं.

ऑपरेशन मात्र तेव्हा शक्य नव्हतं. स्टेंटला चारच महिने झाले होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट बसला की साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या चालू ठेवतात. मधेच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, ती जिवावर बेतते. चालू ठेवून प्रोस्टेट कापायची तर रक्त थांबवणं अवघड. कार्डिओलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या मेपर्यंत हात लावायचा नाही.

म्हणून गोळ्या. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम तर दुसऱ्याच दिवसापासून चालू केली होती. ती प्रोस्टेट लहान करत नाही, तिथले आवळलेले स्नायू सैल करते आणि काही दिवसांतच फरक दिसतो. तिच्यावर तीन दिवस ठेवून नळी काढली. काकांना लघवी झाली. नोव्हेंबरमध्ये दुसरी पीएसए आल्यावर ड्युटास्टेराइड जोडली. तिचं काम उलट, ग्रंथी हळूहळू आक्रसवायचं. पण तिला तीन ते सहा महिने लागतात. दोन्ही मिळून देण्यामागे आधार आहे. ड्युटास्टेराइड आणि टॅमसुलोसिन एकत्र देऊन चार वर्षं केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात नुसत्या टॅमसुलोसिनपेक्षा दोन्ही घेणाऱ्यांमध्ये लघवी तुंबण्याचा किंवा ऑपरेशन लागण्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी दिसला. ग्रंथी मोठी असेल तर ही जोडी उपयोगाची.

टाडालाफिलचाही पर्याय असतो, रोज पाच मिलिग्रॅम. पण काकांच्या खिशात सॉर्बिट्रेट होतं. ही दोन औषधं एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक इतका कोसळतो. तो पर्याय तिथेच संपला.

आणखी एक सांगून ठेवते. टॅमसुलोसिन घेणाऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी आधी सांगायलाच हवी. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडतं. हे २००५ मध्ये लक्षात आलं. आधी कळलं तर डॉक्टर तयारीने करतात.

नोव्हेंबरमध्ये धारेची तपासणी केली. यंत्रात लघवी करायची, दर सेकंदाला किती जाते ते ते मोजतं. काकांचा सर्वांत जास्त वेग ७.२ मिलिलिटर आला. १५ च्या वर असेल तर चांगला, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. लघवीनंतर मूत्राशयात १८० मिलिलिटर उरत होती. लक्षणांची एक प्रश्नावली असते, सात प्रश्न, ३५ गुण. २० च्या पुढे तीव्र त्रास. काकांचे २४ आले. हे गोळ्या चालू असतानाचे आकडे आहेत. युरोसर्जन म्हणाले, “गाडी ढकलत नेतोय आपण, मेपर्यंत पोचली पाहिजे.”

गोळी बंद पडली

एप्रिलमध्ये पहाटे तीनला काका उठले, कडी काढली आणि गॅलरीत चार पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला धरून खाली बसले. हाड मोडलं नाही, कोपर सोलवटलं. कठड्याला एका जागी लाकडाची पट्टी निघालेली आहे. ते तिथे गेले असते तर काय, याचा विचार करायलाही मला नको वाटतं.

टॅमसुलोसिनमुळे उठताना रक्तदाब पडू शकतो. रक्तदाबाच्या इतर औषधांबरोबर जास्तच. मी सुरुवातीला हे सांगितलं होतं, ‘हळू उठा’ इतकंच. रात्रीच्या जेवणानंतर घ्या, पलंगावर दोन मिनिटं पाय सोडून बसा, मग उभे राहा, असं सविस्तर बसून सांगितलं नव्हतं. मुलाने वेष्टनातला कागद वाचला, ‘चक्कर’ हा शब्द दिसला आणि त्याने ती गोळी बंद केली. मला सांगितलं नाही. त्याने वडिलांच्या काळजीनेच केलं, त्याला दोष देता येत नाही. पाच आठवडे ती बंद होती.

मेच्या शेवटी काकांना थंडी वाजून १०२ ताप आला. लघवी गढूळ, जळजळीची. सोनोग्राफीत मूत्राशयात २६० मिलिलिटर उरलेली, १२ मिलिमीटरचा खडा, दोन्ही मूत्रपिंडांना किंचित सूज. मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.१ वरून १.६ झालं होतं. खडा काही पाच आठवड्यांत झाला नाही. न निघणारी लघवी तळाशी साचून तो महिनोन्महिने धरत आला होता. ग्रंथी मात्र ५७ ग्रॅमवर आली होती. दुसरी गोळी आपलं काम करत होती.

नळी पुन्हा घातली, अँटिबायोटिक चालू केलं. दहा दिवसांत क्रिएटिनिन १.२ झालं. म्हणजे मूत्रपिंडावरचा ताण अडथळ्यामुळेच होता, हे कळलं.

तिसरा निर्णय: कुठलं ऑपरेशन

आता ‘करायचं का’ हा प्रश्न राहिला नव्हता. मूत्राशयात खडा, पुन्हा तुंबणं, मूत्रपिंडावर परिणाम, यातलं एकही असलं तरी ऑपरेशनकडे जावं लागतं. इथे तिन्ही होती. स्टेंटला वर्ष पूर्ण झालं होतं. क्लोपिडोग्रेल कार्डिओलॉजिस्टनी कायमची थांबवली, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवली.

युरोसर्जनने चार पर्याय मांडले. दुर्बिणीतून खरवडून ग्रंथीचा आतला भाग काढायचं जुनं, नावाजलेलं ऑपरेशन, ज्याला सगळे टीयूआरपी म्हणतात. होल्मियम लेसरने तो भाग सालीतून संत्र्याचा गर सोडवावा तसा सोडवून काढायचं, ते होलेप. पाण्याच्या वाफेने किंवा छोट्या टाक्यांनी मार्ग मोकळा करायच्या नव्या पद्धती. आणि मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून जाऊन प्रोस्टेटचा रक्तपुरवठा बंद करणं. पोट उघडून करायचं ऑपरेशन ८०-१०० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथींसाठी ठेवतात, त्याचा विचार करावा लागला नाही.

वाफ आणि टाके यांचं आकर्षण मोठं आहे. भूल कमी, वीर्यस्खलन बहुधा शाबूत राहतं. पण काकांच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात वर आलेला होता, खडाही काढायचा होता. वाफेनंतर सूज उतरून फरक पडायला काही आठवडे ते महिने लागतात आणि तोवर नळीही लागू शकते. रक्तपुरवठा बंद करण्याचाही परिणाम सावकाश येतो. लवकर खात्रीने मोकळं करायचं असताना हे पर्याय मागे पडले.

खरी निवड होती टीयूआरपी आणि होलेप यांच्यात. होलेप कितीही मोठ्या ग्रंथीला चालतं, रक्त कमी जातं, नळी लवकर निघते, पुन्हा वाढून दुसरं ऑपरेशन लागण्याची शक्यता कमी. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू असत्या तर मी त्याचाच आग्रह धरला असता. पण ग्रंथी आता ५७ ग्रॅमची होती, टीयूआरपीला सोयीची. ज्या महापालिका रुग्णालयात काकांची फाइल होती, तिथे टीयूआरपी रोज होत होती. होलेपसाठी खाजगीत जावं लागलं असतं. मुलाने मेडिक्लेम काढून दीडच वर्ष झालं होतं आणि त्या पॉलिसीत प्रोस्टेटच्या आजारासाठी दोन वर्षांची मुदत होती. सगळा खर्च खिशातून. मुलगा सोसायटीतून कर्ज काढायला तयार होता.

मी त्याला टीयूआरपी सुचवली, पण बायपोलर पद्धतीची. जुन्या पद्धतीत धुण्यासाठी ग्लायसिनचं द्रावण वापरतात. ऑपरेशन लांबलं तर ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम घसरतं, माणूस भ्रमिष्ट होतो, हृदयावर ताण येतो. बायपोलरमध्ये सलाइन वापरतात, हा धोका टळतो. स्टेंट असलेल्या माणसाला हे महत्त्वाचं. त्या रुग्णालयात ती सोय होती. कर्ज काढून दुसरीकडे जाण्याइतका फरक या एका माणसाच्या बाबतीत मला दिसत नव्हता.

मग युरोसर्जनने एक गोष्ट केली जी मी करायला हवी होती. मुलाला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं आणि काकांना एकट्यांना विचारलं, “तुमचं आणि काकूंचं काय चालू आहे का? संबंध येतो का?” काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सहा महिन्यांपासून इच्छाच होत नाही, वाटलं हार्टमुळे असेल, विचारायचं कुणाला. ड्युटास्टेराइडने असं होऊ शकतं. ऑपरेशननंतर ती बंद होणार होती. युरोसर्जनने पुढचंही सांगितलं. टीयूआरपीनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. ताठरता आणि सुख बहुधा तसंच राहतं. होलेपमध्येही हेच होतं. काका म्हणाले, “मूल तर नकोय आता. पण आधी सांगितलंत ते बरं झालं.”

मी त्यांना दोन वर्षांत एकदाही हे विचारलं नव्हतं. ते माझ्याशी लघवीबद्दल बोलायला लाजत होते आणि मी त्यांच्याशी याबद्दल.

ऑपरेशन आणि नंतरचे दिवस

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, लघवीचा कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, स्वच्छ आल्यावर ऑपरेशन झालं. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. खडा फोडून काढला, ३० ग्रॅम भाग खरवडला, ५५ मिनिटं लागली. दिवसभर सलाइनने मूत्राशय धूत राहिले. मी संध्याकाळी बघायला गेले तेव्हा पिशवीतला रंग कोकम सरबतासारखा होता. दुसऱ्या दिवशी तो फिकट झाला, तिसऱ्या दिवशी नळी काढली. काढलेल्या भागाच्या तपासणीत कॅन्सर नव्हता.

घरी गेल्यावर दोन-तीन आठवडे जळजळ आणि घाई राहते, थोडी लघवी निसटते, हे आधी सांगितलेलं होतं. काका पॅड वापरत होते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम त्यांनी नातवाबरोबर मोजून केले. जड उचलू नका, कुंथू नका, हेही सांगितलं होतं. बाराव्या दिवशी चाळीत पाणी कमी दाबाने आलं. काकांनी दोन बादल्या गॅलरीतून उचलून आणल्या आणि संध्याकाळी लघवीत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या. ऑपरेशनच्या जागेवरची खपली दुसऱ्या आठवड्यात सुटते, तेव्हा ताण पडला की असं होतं. भरपूर पाणी आणि दोन दिवस पूर्ण विश्रांती, एवढ्यावर थांबलं. पुन्हा नळी घालावी लागली नाही.

परिणाम

सहा आठवड्यांनी धारेचा वेग १८ मिलिलिटर, मागे उरलेली लघवी ३५, प्रश्नावलीचे गुण २४ वरून ९. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड दोन्ही बंद. काका खूश होते. काकू नव्हत्या. म्हणाल्या, “कडी अजून तीनदा वाजतेच की हो.”

हे ऐकून मी त्यांना ते करायला सांगितलं जे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. तीन दिवस लघवीची वही. सून स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं मोरीत ठेवायला कबूल झाली. तिने स्वतःहून मोरीला पडदा शिवला, म्हणाली, “बाबा, तीन रात्री इथेच जा, गॅलरीत मोजत कुठे बसणार?” प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहायची. काकूंनी वही भरली, रेघा मारून.

सरासरी दिवसाला १,९०० मिलिलिटर, त्यातली ८५० रात्री झोपल्यापासून उठेपर्यंत. वयस्कर माणसात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला तर त्रास नुसत्या प्रोस्टेटचा नसतो, रात्री लघवी तयारच जास्त होत असते. काकांचा वाटा जवळजवळ ४५ टक्के. कारणं वहीतच होती. संध्याकाळी सातला चहा, साडेनऊला दूध, रात्रीच्या गोळ्यांबरोबर अर्धी बाटली पाणी. आणि संध्याकाळी पायावर अंगठा दाबला की खळगा पडायचा. अ‍ॅम्लोडिपिनने पायाला अशी सूज येऊ शकते. दिवसभर पायात साठलेलं पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्रभर गाळत बसतात.

कार्डिओलॉजिस्टशी बोलून रक्तदाबाचं औषध बदललं. चहा पाचच्या आत, दूध सकाळी, दुपारी तासभर पाय उशीवर. तीन आठवड्यांत कडी एकदा, फार तर दोनदा वाजायला लागली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी ती वही. मापाचं भांडं आणि एक कागद. ती आधी भरली असती तर प्रोस्टेटचं ऑपरेशन टळलं नसतं, अडथळा खराच होता. पण रात्रीच्या फेऱ्यांमधली निम्मी त्याच पावसाळ्यात कमी झाली असती. एप्रिलची ती पहाट कदाचित आली नसती. प्रोस्टेट सापडली की डॉक्टर सगळा त्रास तिच्या नावावर टाकून मोकळे होतात. मीही तेच केलं.

दुसरं, विचारणं. साठीच्या पुढच्या प्रत्येक पुरुषाला बीपी मोजताना मी आता दोन वाक्यं विचारते: रात्री किती वेळा उठता, आणि धार पूर्वीसारखी आहे का. पट्टा दंडाला बांधलेला असतो, नजर मशीनवर असते, उत्तर देणं सोपं जातं. कंपाउंडरलाही सांगून ठेवलंय, कुणी तुझ्याशी बोललं तर त्याला विचारून ते माझ्यापर्यंत आण. दोन वर्षं आधी कळलं असतं तर काकांना स्टेंट बसण्यापूर्वी सगळे पर्याय खुले होते. गोळ्या वेळेवर, सावकाश, आणि लागलंच तर ऑपरेशनही निवांत.

सर्दीच्या गोळीबद्दल मी त्या घराला कधी बोलले नव्हते. आता प्रोस्टेट, काचबिंदू किंवा रक्तदाब असलेल्यांच्या केसपेपरवर लाल शाईने लिहिते: ‘सर्दीची गोळी विचारून’.

टॅमसुलोसिन देताना मी आता घरातल्या गोळ्या सांभाळणाऱ्यालाही बोलावते. त्या घरात गोळ्यांचा डबा मुलाच्या हातात होता आणि मी सगळं काकांना सांगत राहिले.

होलेपबद्दल माझ्या मनात अजून थोडी चुटपुट आहे. काका ६८ चे झालेत. टीयूआरपीनंतर काही वर्षांनी थोड्याजणांना पुन्हा त्रास होतो, होलेपनंतर ते प्रमाण कमी असतं. मेडिक्लेमची मुदत संपेपर्यंत सहा महिने नळीवर काढणं मला मान्य नव्हतं. पाच माणसांच्या दोन खोल्यांत पिशवी लावून राहणं, तिच्यातून होणारा संसर्ग, हे मी जवळून पाहिलंय. तीच परिस्थिती पुन्हा आली तर मी तेच सुचवेन. मात्र सगळे पर्याय कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवेन, तोंडी नाही.

एक गैरसमज घरात राहू नये म्हणून ऑपरेशननंतर पुन्हा बसवून सांगितलं. ऑपरेशनमध्ये आतला गाभा निघतो, बाहेरचं कवच जागेवरच राहतं, आणि कॅन्सर बहुधा कवचातच होतो. त्यामुळे पीएसएची तपासणी संपलेली नाही. सप्टेंबरमध्ये ती १.१ आली. यापुढे हाच आकडा पाया धरून बघायचं. काकूंनी तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला आणि त्याखाली पुढची तारीख घातली. त्या वर्षी गणपतीत भजनाच्या वेळी काका पुन्हा पखवाजाच्या शेजारी बसले होते. मध्यंतरात एकदा उठून गेले, पाच मिनिटांत परत आले.